धावा

संकटात सापडलेल्याने देवाला मदतीसाठी मारलेली आर्त हाक. ‘धाव’ या क्रियापदाशी शब्दाचे नाते उघड आहे; जुन्या लेखनात ‘धांवा’ असे सानुस्वार रूप येते. चढाई या अर्थाचा धावा येथे अभिप्रेत नाही. नवसात देवाला काही कबूल केलेले असते. धाव्यात हाकेखेरीज काही नसते, आणि दोहोंतला खरा भेद हाच.

गीतेने भक्तांचे चार प्रकार सांगताना (७.१६) आर्ताला, म्हणजे संकटात सापडलेल्याला, पहिले स्थान दिले आहे. पुढे ज्ञानी श्रेष्ठ ठरतो, तरी चौघांनाही ‘उदार’च म्हटले आहे (७.१८). त्यामुळे संकटात देव आठवणे ही हलकी भक्ती, हे मत गीतेच्या आधारे मांडता येत नाही.

सर्वपरिचित उदाहरण वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेल्या धाव्याचे. तो मूळ महाभारतात होता का, याविषयी मात्र मतभेद आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतील सभापर्वाचे (१९४४) संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी हस्तलिखितांतील पाठांच्या तुलनेवरून प्रार्थनेचे श्लोक प्रक्षिप्त (मागाहून घातलेले) मानून संहितेबाहेर ठेवले. या संहितेत वस्त्रामागून वस्त्र प्रकट होते; द्रौपदी कृष्णाला हाक मारत नाही आणि वस्त्रे कोणी पुरवली हेही सांगितलेले नाही. तथापि त्याच आवृत्तीच्या उद्योगपर्वात (५.५८.२१) कृष्ण संजयाला म्हणतो की, मी दूर असताना द्रौपदीने ‘गोविंदा’ असा आक्रोश केला, ते ऋण वाढत चालले आहे, हृदयातून जात नाही. महाभारताचे अभ्यासक आल्फ हिल्टेबाइटेल यांनी या श्लोकावर भर दिला आहे. सभेतील सविस्तर प्रार्थना मागाहून रचली गेली असली, तरी हाकेची स्मृती जुनी असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. येथे देव स्वतःलाच ऋणी म्हणवतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

गजेंद्रमोक्षाची, म्हणजे ग्राहाने (मगरीने) पाय धरलेल्या हत्तीच्या सुटकेची, कथा भागवताच्या आठव्या स्कंधात (अध्याय २–४) आहे. भागवत सामान्यतः नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. काहींच्या मते ते आधीचे आहे. देवगढच्या (जि. ललितपूर) दशावतार मंदिरात या कथेचा शिल्पपट आहे आणि ते मंदिर सहाव्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे प्रचलित काळगणना धरली तर कथा ग्रंथाहून जुनी ठरते. गजेंद्राची स्तुती निर्विशेष (नामरूपाचा भेद नसलेल्या) तत्त्वाला उद्देशून असल्याने ब्रह्मादी देव आले नाहीत, हरी आला, असे भागवतच सांगते. हरी दिसताच गजेंद्र सोंडेत कमळ उंचावून मोठ्या कष्टाने ‘नारायण’ म्हणतो. इतक्या आकांतातही त्याने कमळ उचलले!

मराठीत धावा संतांच्या अभंगांतून रुळला. कान्होपात्रेच्या प्रसिद्ध अभंगात वाघाने धरलेल्या हरिणीच्या पाडसाची उपमा आहे. बीदरच्या बादशहाचे बोलावणे ही त्याची पार्श्वभूमी परंपरेने सांगितलेली आहे. रामदासांच्या (१६०८–८१) करुणाष्टकांत बाहेरच्या संकटापेक्षा स्वतःच्या मनाचा चंचलपणा हेच संकट होते.

इतर धर्मांतही हा प्रकार आढळतो. हिब्रू बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत विलापस्तोत्रांचा वाटा मोठा आहे. ती बहुधा विश्वासाच्या किंवा स्तुतीच्या उद्गाराकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही, त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ हा आहे.