शस्त्रव्यापारविरोधी मेळावे, ग्रामीण विदर्भ

शस्त्रास्त्रांची निर्मिती, खरेदी-विक्री आणि निर्यात यांना विरोध करण्यासाठी गावपातळीवरचे कार्यकर्ते भरवतात त्या सभा, शिबिरे व पदयात्रा. ब्रिटनमध्ये १९७४ पासून याच एका विषयाला वाहिलेली संघटना काम करते. विदर्भात मात्र हा विषय स्वतःची पाटी लावून क्वचितच येतो. गांधी-विनोबांच्या सर्वोदय चळवळीच्या मेळाव्यात खादी, जमीन, दारूबंदी यांच्या सोबतीने त्यालाही जागा मिळते. कारखान्याच्या गेटसभेत तो अपघात आणि ठेकेदारी यांच्या आडून येतो.

असे होण्याला इथला भूगोल बराचसा कारणीभूत आहे. ज्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार, त्याच जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो आहे, देशातल्या मोठ्यांत मोठ्या कोठारांपैकी एक. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती आणि नागपूरला अंबाझरी इथल्या आयुध निर्माण्या, म्हणजे सरकारी शस्त्रकारखाने, १९६० च्या दशकातल्या. नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावच्या बाजूला खासगी स्फोटकांचे कारखाने आहेत. कपाशी आणि सोयाबीनच्या भावाचा भरवसा नसलेल्या या मुलखात निर्माणीतली कायम नोकरी म्हणजे घर सावरणारी नोकरी. त्यामुळे शस्त्रांविरुद्ध बोलणाऱ्याला समोर बसलेल्यांत स्वतःचा भाऊजी किंवा भाचा दिसू शकतो, आणि भाषणाचा सूर तिथेच बदलतो.

परंपरा मात्र जुनी आणि पक्की आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. चार दिवसांनी त्यांना अटक झाली. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसे किंवा पैसा पुरवणे चूक आहे, असा त्या सत्याग्रहाच्या घोषणेचा आशय होता. माणसांइतकेच पैशावर ठेवलेले ते बोट फार महत्त्वाचे, कारण शस्त्रव्यापाराला होणारा विरोधही शेवटी पैशाच्या वाटेवरच बोट ठेवतो. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरच्या युद्धविरोधकांची परिषद आधी शांतिनिकेतनात आणि महिनाअखेर सेवाग्रामला भरली. गांधीजींच्या हयातीतच ठरलेली ही बैठक त्यांच्या हत्येमुळे लांबली होती. पुढे १९५७ मध्ये विनोबांनी शांतिसेना उभी केली, ‘जय जगत्’ ही घोषणा दिली.

याचा अर्थ अख्खा विदर्भ शस्त्रविरोधी आहे असा मुळीच नाही. मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ मध्ये विश्वशांतीच्या परिषदेसाठी जपानला गेले, आणि चीन व पाकिस्तानच्या युद्धांत त्यांनीच सीमेवर जाऊन जवानांना धीर दिला. त्यांच्या भजनांवर वाढलेल्या गावांना यात विसंगती वाटत नाही.

मेळाव्याचे सर्वांत ठसठशीत रूप पाहायचे तर १२ फेब्रुवारीला पवनारला जावे. १९४८ मध्ये याच दिवशी गांधीजींच्या अस्थी धाम नदीत विसर्जित झाल्या. तेव्हापासून इथे सर्वोदय मेळा भरतो. फेब्रुवारीत धाम उतरलेली असते आणि पात्रातले काळे खडक उघडे पडलेले असतात. येणारा स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी, म्हणजे ६४० तार, सूतांजली म्हणून वाहतो. वर्गणी नाही, सभासदत्वाची पावती नाही. स्वतःच्या हाताचे श्रम हेच अहिंसेच्या बाजूचे मत. मूळ कल्पना विनोबांची. आता कातणारे हात थोडे, केस पिकलेलेच अधिक. तरुण मंडळी येतात ती बहुधा शिबिराला, आणि त्यांचे प्रश्न अधिक रोखठोक असतात: शस्त्रे बनवायची नाहीत, तर मग आमच्या गावातल्या पोरांनी करायचे काय?

या प्रश्नाला अपघातांनी वेगळे वळण दिले. पुलगावच्या डेपोत ३१ मे २०१६ च्या आगीत १६ हून अधिक जण गेले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तिथेच जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत बहुतेक रोजंदारीवर पेट्या उतरवायला आलेले मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळच्या खासगी कारखान्यात नऊ कामगार मेले, त्यांपैकी सहा महिला. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरच्या निर्माणीतही स्फोटाने कामगारांचे जीव घेतले. युद्ध सीमेवर होते हे खरे, पण त्याची पहिली किंमत कधी कधी इथल्या पाळीतच मोजली जाते, हा मुद्दा तेव्हापासून नीतिप्रवचनापेक्षा जास्त पटतो.

निर्यातीचा प्रश्न त्यामानाने नवा. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करारावर मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळली. परराष्ट्र धोरणात न्यायालय पडणार नाही, असे कारण दिले.

कामगार संघटनांचे गणित याहून निराळे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्माण्यांचे सात कंपन्यांत रूपांतर झाले, त्याला त्यांनी कडाडून विरोध केला आणि सरकारने संपबंदीचा कायदा आणला. पण विरोध कंपनीकरणाला होता, शस्त्रनिर्मितीला नव्हे. म्हणून सर्वोदयी आणि निर्माणी कामगार एका मंचावर सहसा दिसत नाहीत. ‘कारखाना बंद करा’ म्हणणाऱ्याला गेटवर कोणी चहाही विचारत नाही; ठेकेदारी मजुराचा विमा, भरपाई आणि सुरक्षा मागणाऱ्याचे मात्र पाळी सुटल्यावरही थांबून ऐकतात.