हिरवं दिसलं म्हणजे जंगल परत आलं, असं नसतं

"आग लागली तरी काय झालं, राखेचं खत होतं, वर्षभरात सगळं परत हिरवं" हे लोक कितीतरी वर्षं बोलतायत, आणि आपल्याकडच्या गवताळ डोंगरांवर वणव्यानंतर गवत उगवतं ते बघून पटतंही, पण पीटच्या जमिनीला हे लावू नका प्लीज.

पीट म्हणजे पाण्याखाली न कुजता हजारो वर्षं साठत गेलेला झाडपाला (कुंडीतलं कोकोपीट नव्हे). इंडोनेशियात मध्य कालीमंतानला १९९६ पासून भातशेतीसाठी जवळपास १० लाख हेक्टरवर कालवे खणले, पाणी निघून गेलं, पीट सुकलं आणि १९९७ च्या एल निनोच्या दुष्काळात पेटलं. तिथे नुसती झाडं नाही, जमीनच जळाली, सरासरी अर्धा मीटर! पीट साठतं वर्षाला एक-दोन मिलिमीटर, तेही जमीन ओली राहिली तर, आता तुम्हीच हिशोब करा.

हिरवळ येते हो, पण ती बहुतेक नेच्यांची (फर्नची) आणि लव्हाळ्यासारख्या गवताची. मातीतलं बी जळालेलं, बी आणणारे पक्षी-वटवाघळं उघड्यावर फारशी येत नाहीत, आणि जमीन खचल्यामुळे पावसाळ्यात रोपं बुडतात. एकदाच जळालं असेल आणि जंगल जवळ असेल तर तुमीहसारखी काही झाडं येतात, पण परत परत जळालं की नेचेच उरतात, आणि कोरड्या दिवसांत तेच पुढच्या आगीचं सरपण होतात. म्हणून तिथे नुसती रोपं लावून भागत नाही, आधी कालवे अडवून पाणी वर आणावं लागतं.