एक नाव कुठे संपते?

युनिक्स या संगणक प्रणालीत १९७३ साली पाइपची सोय आली. डग मॅक्लरॉय यांची ही कल्पना केन टॉम्पसन यांनी प्रत्यक्षात उतरवली आणि एका आज्ञेचे उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेच्या हाती सोपवता येऊ लागले. मात्र सगळ्याच आज्ञा पाइपमधून आलेला मजकूर वाचत नाहीत. फाइल पुसणारी 'आरएम' ही आज्ञा आपल्यापुढे लिहिलेली नावे तेवढी पाहते. पाइपमधून हजार नावे पाठवली तरी ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

ही उणीव 'एक्सआर्ग्ज' ही आज्ञा भरून काढते. पाइपमधला मजकूर वाचून ती त्याचे तुकडे करते, ते दुसऱ्या आज्ञेपुढे मांडून ती आज्ञा चालवते आणि नावे उरली असतील तर पुन्हा चालवते. दर नावागणिक नवी प्रक्रिया सुरू करण्यात वेळ जातो, म्हणून मावतील तितकी नावे ती एकाच खेपेत देते. खेपेचा आकार मात्र कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, घातलेल्या मर्यादेच्या आत ठेवते. लिनक्स या युनिक्ससारख्या प्रणालीवर ही मर्यादा सहसा २ मेगाबाइट असते. 'पी' हा पर्याय आकड्यासह दिला, तर तितक्या खेपा एकाच वेळी चालू शकतात आणि संगणकाच्या प्रोसेसरचे अनेक कोअर कामाला लागू शकतात.

खरी जोखीम तुकडे पाडण्यात आहे. सांगितले नाही, तर एक्सआर्ग्ज रिकाम्या जागेवरही मजकूर तोडते. समजा, एका फोल्डरमध्ये 'यादी' आणि 'जुनी यादी' अशा दोन फाइल आहेत आणि 'फाइंड' या फाइल शोधणाऱ्या आज्ञेने शोधलेली 'जुनी यादी' पुसायची आहे. एक्सआर्ग्ज त्या नावाचे दोन तुकडे करते. 'जुनी' नावाची फाइल सापडत नाही म्हणून तक्रार येते आणि जपून ठेवायची 'यादी' मात्र मुकाट्याने पुसली जाते. मराठीत फाइलींना मध्ये जागा सोडून नावे देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

यावरचा उपाय अतिशय नेटका आहे. फाइलच्या नावात तिरकी रेघ (/) आणि शून्य बाइट, म्हणजे ज्याची किंमत शून्य आहे तो बाइट, हे दोनच बाइट चालत नाहीत. तिरकी रेघ फोल्डरांच्या वाटेत लागते, म्हणून दोन नावांमधली सीमा दाखवायला शून्य बाइट उरतो. 'फाइंड'ला 'प्रिंट०' आणि एक्सआर्ग्जला '०' हा पर्याय दिला की नाव कसेही असो, अखंड राहते. पुसण्यापूर्वी 'आरएम'च्या जागी 'इको' ही मजकूर नुसता दाखवणारी आज्ञा लिहून पाहण्याची पद्धत चांगली आहे, पण 'इको' सगळे तुकडे रिकाम्या जागेने जोडून दाखवत असल्याने तुटलेले नावही धड दिसते. त्यासाठी एक्सआर्ग्जला 'एन १' हा पर्याय जोडावा, म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतंत्र ओळीवर येतो.