दिव्यात नसलेला पिवळा

आमच्या हौशी संघाच्या तालमीत हळदीचा प्रसंग बसवत होतो. एलईडी पारचा, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या एलईडी असलेल्या रंगमंचाच्या दिव्याचा, लाल आणि हिरवा पूर्ण वर घेतला, निळा बंद ठेवला. रंगमंच छान पिवळा झाला, पण नवरीची हळदी साडी आणि नवऱ्याचं पांढरं धोतर एकाच थानातून फाडल्यासारखं दिसायला लागलं. निळा थोडा वर घेतल्यावर धोतर पांढरं झालं, साडी पिवळीच राहिली. याचं कारण सांगलीकराला हळदीवरूनच सांगता येतं. हळद निळा प्रकाश शोषून घेते आणि लाल-हिरवा परत पाठवते, म्हणून ती पिवळी. उजेडात निळा नसेलच, तर तिला शोषायला काही उरत नाही आणि पांढऱ्यापेक्षा ती वेगळी दिसत नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं तेव्हाचा उजेड ज्योतीचा, म्हणजे निळा अगदी थोडा असलेला. फिका पिवळा आणि पांढरा त्यातही असेच एकमेकांत मिसळत असणार.

हे झालं कापडाचं. मला जास्त छळणारा प्रश्न दुसराच होता. दिव्यात पिवळा नव्हताच, तर तो आला कुठून? त्याचं उत्तर हाती यायला दोनशेहून अधिक वर्षं लागली.

न्यूटनने १६७२ मध्ये आपलं म्हणणं रॉयल सोसायटीपुढे मांडलं: पांढरा प्रकाश लोलकातून फुटतो, कारण तो मुळातच अनेक प्रकारच्या किरणांचा बनलेला असतो. याहून खोल गोष्ट त्याच्या १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये आहे. मिश्रणातून झालेला नारिंगी आणि वर्णपटातला शुद्ध नारिंगी डोळ्याला सारखेच दिसतात. लोलक लावला की पहिला फुटतो, दुसरा फुटत नाही. किरण स्वतः रंगीत नसतात, ते आपल्यात रंगाची जाणीव जागवतात, असंही त्याने स्पष्ट लिहिलं.

म्हणजे डोळ्याला घटक वेगळे करता येत नाहीत. शेजारच्या मिरजेत तंबोरा जुळवताना जरा बसून ऐका. पंचम आणि षड्ज एकत्र वाजतात, तरी कान दोन्ही वेगळे ओळखतो. डोळ्यापुढे लाल आणि हिरवा एकत्र आले की दोन्ही नाहीसे होतात आणि तिसराच रंग समोर येतो. असं का, याचं उत्तर थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने सुचवलं. प्रत्येक छटेसाठी दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, प्रत्येक बिंदूवर प्रकाश टिपणारा वेगळा ग्राहक असणं शक्य नाही. तीन प्रकार पुरतील, असं तो १८०१ मध्ये म्हणाला. आधी त्याने लाल, पिवळा, निळा धरले आणि पुढच्याच वर्षी बदलून लाल, हिरवा, जांभळा केले. पुढची पन्नास वर्षं या कल्पनेकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

आड आला होता चित्रकारांचा अनुभव. निळ्यात पिवळा कालवला की हिरवा होतो, हे रंगपेटी हाताळलेलं पोरही सांगतं. मग हिरवा मूळ रंग कसा? ही गाठ जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५२ मध्ये सोडवली. वर्णपटातले निळे आणि पिवळे किरण एकावर एक टाकले तर हिरवा होत नाही, पांढरा होतो. रंगपेटीतला निळा लाल-पिवळा खातो, पिवळा रंग निळा खातो, आणि दोघांच्या तावडीतून सुटलेला हिरवा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. कालवणं ही वजाबाकी, उजेड मिसळणं ही बेरीज. शाळेत आजही ‘मूळ रंग लाल, पिवळा, निळा’ एवढंच सांगून सोडून देतात, हे मला खटकतं.

मग स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल आला. रंगीत कागदाच्या चकत्या भोवऱ्यावर फिरवून, कोणता रंग किती घेतला की कोणती छटा जुळते, ही गणितं त्याने १८५५ मध्ये मांडली. १८६१ मध्ये लंडनला त्याने एका चट्टेरीपट्टेरी फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेले तीन फोटो तशाच गाळण्यांतून पडद्यावर एकावर एक टाकले, आणि रंगीत प्रतिमा उमटली. खरं तर तेव्हाच्या फोटोच्या काचा लाल प्रकाशाला दाद देत नसत. फितीच्या लाल भागाने परतवलेले अतिनील किरण लाल गाळणीतून आत शिरले आणि प्रयोग तरला, हे शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, उलगडलं.

यंगचे तीन ग्राहक म्हणजे दृष्टिपटलातल्या शंकुपेशी. एकेका पेशीचं मोजमाप १९६४ मध्ये अमेरिकेत झालं. त्यांची सर्वाधिक संवेदना साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरला असते. गंमत अशी की ‘लाल’ म्हणवणाऱ्या शंकूचा हा ५६०चा बिंदू पिवळसर हिरव्यात पडतो. ५८० नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा लाल आणि हिरव्या दोन्ही शंकूंना चाळवतो. आमचे दोन दिवे मिळून नेमकं तेच करतात. मेंदूपर्यंत बातमी एकच जाते. पण मग त्या पिवळ्यात लालसर-हिरवट काहीच का जाणवत नाही? लाल-हिरवा आणि पिवळा-निळा या एकमेकांना खोडणाऱ्या जोड्या असतात, असं जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंगने १८७० च्या दशकात मांडलं होतं. दोन्ही पक्ष बरीच वर्षं भांडले. पुढे कळलं की शंकू तीन असले, तरी त्यांचे संदेश दृष्टिपटलातच अशा जोड्यांत बांधले जातात.

रंगमंचावर एलईडीची ही बेरीज उशिरा आली, कारण तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकातच जमला. त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्याआधी पिवळ्यासाठी पांढऱ्या दिव्यावर जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायचं, म्हणजे पुन्हा वजाबाकी. त्या पिवळ्यात लालपासून हिरव्यापर्यंतचे सगळे किरण असत. एलईडीच्या पिवळ्यात मधला पट्टा जवळपास रिकामा असतो. थेट दिव्याकडे पाहिलं तर दोन्ही सारखे वाटतात. चेहऱ्यावर किंवा पैठणीवर पडले की फरक दिसतो, कारण कातडी आणि रेशीम एकेका तरंगलांबीचा वेगळा हिशेब ठेवतात. जुने प्रकाशयोजनाकार एलईडीखाली चेहरा मेलेला दिसतो म्हणतात, ते याचसाठी. आता बऱ्याच पारमध्ये लाल-हिरव्या-निळ्यासोबत अंबर (पिवळसर नारिंगी) आणि पांढऱ्या एलईडीही बसवलेल्या असतात.