लेखाची मांडणी आणि सर्च इंजिनची क्रमवारी: पार्श्वभूमी

सर्च इंजिनची जुनी क्रमवारी शब्दांच्या मोजदादीवर उभी होती. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन द्यावं, ही कॅरन स्पार्क जोन्स यांची 1972 मधली कल्पना. 1994 च्या सुमारास आकाराला आलेल्या बीएम25 या गुण देण्याच्या सूत्राने तिला शब्दाची वारंवारता आणि लेखाची लांबी यांची जोड दिली. लांबीचा दंड ठरवणारा बी हा आकडा सहसा 0.75 ठेवतात. अडचण इथेच येते. चाळीस पानी अहवालात नेमकं उत्तर देणारा एकच परिच्छेद असला, तर बाकीच्या पानांच्या वजनाखाली तो दबतो. शिवाय ‘ठिबक सिंचनाचा विचार इथे केलेला नाही’ या वाक्यातलं ‘ठिबक सिंचन’सुद्धा जमेस धरलं जातं.

पहिला उपाय साधा होता: लेख विषयानुसार कापायचा. मार्टी हर्स्ट यांच्या टेक्स्टटायलिंग पद्धतीत मजकुराचे 20-20 शब्दांचे तुकडे करतात, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंचे साधारण 10-10 तुकडे घेऊन त्यांच्या शब्दांतलं साम्य मोजतात. साम्य जिथे खोल घसरतं, तिथे विषय बदलला असं मानून सीमा आखतात. मग क्रमवारीत अख्ख्या लेखाऐवजी एकेका खंडाला गुण देता येतात.

दुसरी वाट जास्त महत्त्वाकांक्षी होती. विल्यम मॅन आणि सँड्रा थॉम्पसन यांनी 1988 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मजकुराचे घटक कारण, विरोध, तपशील अशा नात्यांनी जोडलेले असतात, आणि बहुतेक नात्यांत एक घटक मुख्य तर दुसरा पूरक असतो. ही नाती ओळखून त्यांचा वृक्ष मांडणारे प्रोग्राम, म्हणजे पार्सर, पुढे तयार झाले. 2012 मध्ये क्रिस्तिना लिओमा आणि सहकाऱ्यांनी त्यातला एक पार्सर शोधाला जोडला. सरासरी अचूकता 10 टक्क्यांहून जास्त वाढल्याचं त्यांनी नोंदवलं. सगळी नाती सारखीच उपयोगी पडतात, असं मात्र दिसलं नाही.

तरीही ही वाट प्रयोगशाळेतच राहिली, आणि त्यात नवल नाही. पार्सरच्या प्रशिक्षणासाठी मुख्य आधार होता वॉल स्ट्रीट जर्नलमधल्या 385 लेखांचा. वेबवर मात्र मेनू, याद्या, तक्ते आणि पूर्णविराम नसलेली वाक्यं. वाक्य तोडतानाच चूक झाली की पुढचा सगळा वृक्ष वाकडा होतो. त्यात कोट्यवधी पानं पार्स करण्याचा खर्च वेगळाच.

2019 नंतर बर्ट या भाषा-मॉडेलने वेगळाच मार्ग धरला, तोही नाइलाजाने: एका वेळी 512 टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) एवढीच त्याची मर्यादा. झुयून दाय आणि जेमी कॅलन यांनी 150 शब्दांचे उतारे केले, दर 75 शब्दांनी नवा उतारा सुरू केला आणि सर्वांत चांगल्या उताऱ्याचे गुण लेखाला दिले. बेरीज केली तर लांब लेख फुकट वर चढतात. उतारा ‘त्यामुळे हे’ने सुरू झाला तर ‘हे’ म्हणजे काय ते मॉडेलला कळत नाही. प्रत्येक उताऱ्याआधी लेखाचं शीर्षक जोडलं की थोडं निभावतं.

मराठी बातम्यांवर शोधाच्या तपासण्या 2008 पासून फायर या भारतीय उपक्रमात होऊ लागल्या. इथे विभक्तिप्रत्ययांमुळे ‘शेतकऱ्यांसाठीच्या’सारखा एकच शब्द बहुभाषिक मॉडेलमध्ये अनेक टोकनांत फुटतो आणि 150 शब्दांचा उतारा मर्यादेला भिडू शकतो. म्हणून उताऱ्याची लांबी टोकनांत मोजावी आणि तो शक्यतो वाक्याच्या शेवटीच तोडावा.