चकती शेवटी डावीकडे का वळते?

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी हाताने चकती फेकून ती कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये पाडण्याचा खेळ. उद्यानातल्या त्याच्या छोट्या कोर्सवर नव्याने आलेल्या खेळाडूची चकती बहुधा एकाच तऱ्हेने चुकते. साठेक मीटरवरच्या बास्केटकडे ती सरळ निघते आणि वेग ओसरला की डावीकडे कलून झाडीत शिरते. खेळाडू मनगटाला दोष देतो, पण मुख्य कारण चकतीच्या फिरण्यात असते.

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर नेत फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. हवा तिला जी उचल देते, तिचा केंद्रबिंदू मात्र चकतीच्या बरोबर मध्यावर नसतो. वेग भरपूर असताना तो किंचित मागे असतो. वेग घटून चकती खाली येऊ लागली, की हवा तिला खालून मोठ्या कोनात भिडते, केंद्रबिंदू पुढे सरकतो आणि पुढची कड वर उचलली जाऊ पाहते. न फिरणारी चकती अशा वेळी कोलांटी खाईल. फिरणाऱ्या चकतीवर हाच परिणाम पाव फेरा पुढे जाऊन दिसतो, म्हणजे पुढची कड वर जाण्याऐवजी डावी बाजू खाली झुकते. कललेला भोवरा न पडता डुलत राहतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. त्याला परांचन म्हणतात.

ड्रायव्हर नावाच्या चकतीची कड पातळ असते आणि ती जोरदार फेकीसाठीच घडवलेली असते. तिच्यावर छापलेला वेगाचा आकडा, समजा १२, ती किती वेगाने जाईल हे सांगत नाही, तर तिला किती वेग द्यावा लागेल हे सांगतो. तेवढा वेग मिळाला नाही, तर ती लवकरच डावीकडे वळते. म्हणून छोट्या कोर्सवर नवख्याने बोथट कडेचा, २ किंवा ३ आकड्याचा पटरच (हळू, जवळच्या फेकीसाठीची चकती) घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. वाटेत झाड असेल, तर हेच वळण कामी येते: चकती झाडाच्या उजवीकडून सोडली, की ती वळसा घालून बास्केटकडे येते.

कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली डिस्क गोल्फचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक यांनी कायमस्वरूपी कोर्स उभारला, तेव्हा लक्ष्य म्हणून साधे खांब होते. साखळ्यांचे बास्केट त्यांनीच नंतर आणले. सेकंदाला १० मीटर वेगाने आलेल्या १७५ ग्रॅमच्या चकतीत सुमारे ९ जूल ऊर्जा असते. कठीण खांबावर आपटून ती चकती उसळून परत येईल; लोंबत्या साखळ्या मात्र स्वतः हलून ती ऊर्जा आपल्यात वाटून घेतात, कड्या एकमेकींवर घासतात, खळखळाट होतो, चकतीचे फिरणे थांबते आणि ती खालच्या जाळीत पडते.