चांगलं कोलेस्टेरॉल वाढवायला ‘रोज एक पेग’? मुळीच नको

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर परवा मामाने खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढला. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 34, खाली लाल पेनाची रेघ. शेजारचे काका लगेच म्हणाले, "रोज एक पेग घ्या, चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं." हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि दर वेळी जीव कळवळतो.

दारूने एचडीएलचा आकडा थोडा चढतो, हे खरं. पण आकडा चढला म्हणजे हृदय सांभाळलं गेलं, असं नाही. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल 70 टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं. तरी ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले, म्हणून 2006 मध्ये चाचणी थांबवावी लागली. शिवाय दारूने ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि बीपी वाढतं, ते वेगळंच.

पुरुषांत 40 च्या, बायकांत 50 च्या खाली एचडीएल म्हणजे कमी. आपल्याकडे ते बरेचदा वाढलेल्या ट्रायग्लिसराइडच्या जोडीनेच दिसतं. मागे असतं सुटलेलं पोट, बैठं काम, मैदा आणि साखर.

म्हणून मामाला म्हटलं, आधी सिगारेट सोड. त्याने एचडीएलही सुधारतं. चहाबरोबरची खारी बंद कर, भात कमी घे नि उसळ जास्त, मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे. आणि याच पार्कभोवती रोज अर्धा तास झपाझप चाल. एचडीएल दोन-चार अंकांनीच हलेल कदाचित, पण ट्रायग्लिसराइड, साखर, बीपी या सगळ्यांना फायदा होईल. डॉक्टरांना एलडीएलचाही, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा विचार. गोळीचा निर्णय घेताना ते मुख्यतः तोच बघतात.